उलट्या शेपटीची कोयरी

“ही रांगोळी कुणाची?” उन्मेषने विचारलं.

कॉम्प्युटरवर चाललेला व्हिडिओ त्याने मध्येच थांबवला होता. पडद्यावर आमच्या गेममधलं घर होतं. घराचा उंबरा, उंबऱ्यापुढचं सारवलेलं अंगण, आणि अंगणात मी काढलेली रांगोळी. कुणीतरी घरबसल्या आमचा गेम खेळला होता, खेळता खेळता त्याचा व्हिडिओ केला होता आणि तो नेटवर टाकून दिला होता. खाली गेम फुकट उतरवून घ्यायची लिंकही होती. गेम बाजारात यायला अजून पंधरवडा होता.

मी वाकून पाहिलं.

“निनादचीच ना?” उन्मेष दबक्या आवाजात म्हणाला.

“थांब जरा. नीट दिसत नाही.”

“मोठं करून देऊ?”

“नको. मी माझ्या टेबलावर जाऊन बघते.”

नीट दिसत नव्हतं असं काही नव्हतं. रांगोळी मी पहिल्याच नजरेत ओळखली होती. ओळखणार नाही तर काय, ती माझीच होती.

हे घडलं तेव्हा आमची कंपनी सांगलीत, मार्केट यार्डाजवळच्या एका हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. कंपनी म्हणायचं आपलं. उन्मेष शेटे मालक, निनाद लठ्ठे प्रोग्रॅमर, चित्रं काढायला मी, आणि आवाजाचं काम एक जण बाहेरून करून द्यायचा. गोदाम उन्मेषच्या वडलांचं, म्हणून जागेला भाडं नव्हतं. खालून हळदीची धूळ वर यायची आणि आमचे की-बोर्ड पिवळे व्हायचे. तिथे बसून आम्ही तीन वर्षं खपून ‘चकवा’ नावाचा गेम केला होता. एक पोर दिवेलागणीला रानातून घरी निघते, तिला चकवा लागतो आणि ती फिरून फिरून त्याच वाटेवर येते. ओळखीच्या माणसांच्या आवाजात कुणीतरी तिला हाका मारत राहतं. घर सापडलं की गेम संपला. भुताखेतांचे गेम करणारी माणसं धीट असतात असा लोकांचा समज असतो. मी जन्माची भित्री. आमच्या मिरजेच्या घरी जिन्यातला दिवा लावायलासुद्धा मी आप्पांना हाक मारायचे. म्हणूनच बहुतेक मला ते काम चांगलं जमायचं.

रांगोळीची कल्पनाही भीतीतूनच आलेली. गेम बाजारात येण्याआधी फुटतात, चोरीची कॉपी फुकट फिरायला लागली की विकत कोण घेतंय, ही उन्मेषची रोजची धास्ती. “ज्याला ज्याला कॉपी देऊ, त्याच्या त्याच्या कॉपीत काहीतरी खूण पाहिजे,” तो म्हणायचा. “फुटलीच, तर कुणाकडून फुटली ते कळलं पाहिजे.” मीच सुचवलं की शेवटी ती पोर घरी पोचते तिथे अंगणात रांगोळी आहे, ती दर कॉपीत वेगळी काढू. रांगोळी कोण निरखून बघतंय? सगळे ओलांडून आत जातात. उन्मेषसाठी मी शंख काढला, निनादसाठी कासव, आवाजवाल्यासाठी गोपद्मं, गेम विकायला घेणाऱ्या बंगळूरच्या कंपनीसाठी कमळ. कुणाची कोणती हे कागदावर लिहायचं नाही, माझ्या डोक्यात ठेवायचं, असं ठरलं. दर कॉपीतलं चित्र मीच बदलायचे, त्यामुळे निनादला तर असल्या काही खुणा आहेत हेही ठाऊक नव्हतं.

“तुझीपण एक काढ,” उन्मेष म्हणाला होता.

“मला कशाला?”

“सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना.”

मग माझ्यासाठी मी कोयरी काढली. माझ्या आईची कोयरी. आई डावखुरी होती, त्यामुळे तिच्या कोयरीची शेपटी इतर बायकांच्या कोयऱ्यांपेक्षा उलट्या बाजूला वळायची. ती असेपर्यंत आमच्या दारात रोज तीच असायची. अशी कोयरी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आणि आता ती कुणा परक्या माणसाच्या व्हिडिओत दिसत होती.

मी टेबलाशी येऊन बसले.

“रेवती, हे वाच,” शेजारून निनाद म्हणाला. सकाळपासून तो त्या व्हिडिओखाली लोक काय लिहितायत तेच वाचत होता. “हा म्हणतोय, असा गेम आपल्याकडे झालाच नव्हता. हा विचारतोय, दुसरा भाग कधी. फुकट उतरवलाय आणि दुसरा भाग मागतोय बघ. आणि हा, हा सगळ्यात प्रामाणिक. म्हणतो, विकत घेणार होतो, पण आता शेवट कळला.”

तो हसला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस तीन वर्षं निम्म्या पगारावर राबला होता.

“उन्मेष सकाळपासून माझ्याशी बोलत का नाही गं?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“त्याचं डोकं ठिकाणावर नाही,” मी म्हणाले.

खरं कारण मला माहीत होतं. निनादला हैदराबादहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं आणि “जाताना तुला दाखवतो” असलं काहीबाही निनाद रागाच्या भरात बोलून गेला होता. उन्मेषने ते मनात धरलं होतं. आणि सकाळीच बंगळूरच्या कंपनीचा फोन आला होता. आमचा गेम ते जगभर विकणार होते. कुणी फोडला त्याचं नाव द्या, पोलिसांत तक्रार नोंदवा, नाहीतर संध्याकाळी करार रद्द, असं त्यांनी कळवलं होतं. उन्मेषच्या मनात नाव तयारच होतं. फक्त मी होय म्हणायची खोटी होती.

एकदा वाटलं, सांगून टाकावं की रांगोळी माझी आहे, पण मी काही केलेलं नाही. पण ते कोण खरं मानणार? त्याहून मोठी भीती दुसरीच होती आणि ती मी मनातल्या मनातसुद्धा पुरती बोलत नव्हते. माझी कॉपी एका पेन ड्राइव्हवर होती. साध्या, जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर गेम चालतो का ते बघायला ती मी घरी नेली होती. त्या घरात दोनच माणसं राहत होती. मी आणि आप्पा.

आप्पा, म्हणजे माझे वडील वसंत कोष्टी, मिरजेच्या एका टॉकीजमध्ये सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे. ऑपरेटर. टॉकीज बंद पडली ती चोरीच्या सीडींपायी. शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी बाजारात टोपलीत मिळायला लागला आणि खुर्च्या रिकाम्या पडत गेल्या. एकदा आप्पांनी भर बाजारात त्या सीडीवाल्याची टोपली उलटी केली होती. मी तेव्हा शाळेत होते, त्यांचा हात धरून उभी होते. सीडी रस्त्यावर घरंगळत गेल्या आणि आप्पा ओरडले, “चोरीचं खाताय, पचणार न्हाई.” तो माणूस त्यांच्या अंगावर धावून आला तरी ते मागे सरले नाहीत. माझे वडील चोरी करतील हे शक्यच नव्हतं. मग माझी कोयरी तिथे गेली कशी?

“मला जरा बरं वाटत नाही, तासाभरात येते,” असं निनादला सांगून मी बाहेर पडले. उन्मेष फोनवर होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि मी जिना अक्षरशः धावत उतरले.

मिरजेला जाणारं वडाप मिळालं. भर दुपारचं ऊन, गाडीत खच्चून माणसं, आणि मला मात्र थंडी वाजत होती. वाटेतलं विश्रामबाग येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की कुणीतरी आमचं घर फोडलं असेल. चोर आला असेल, इतर सामानाबरोबर पेन ड्राइव्ह नेला असेल. आपलं घर फोडलेलं असावं अशी प्रार्थना करणारी मी पहिलीच असेन. पण मी ती मनापासून करत होते.

घराला कुलूप नव्हतं आणि काही फोडलेलंही नव्हतं. आप्पा पंखा खाली काढून, पुढ्यात वर्तमानपत्र पसरून त्याला तेल देत बसले होते.

“आज लवकर आलीस? तोंड का उतरलंय?”

“काही नाही. आप्पा, माझा तो पेन ड्राइव्ह कुठाय?”

“गेमचा व्हय? हाय की. देवघरात ठेवलाय.”

“देवघरात?”

“मग? जोखमीची वस्तू. इकडंतिकडं टाकायची असती व्हय?”

हात पुसून ते उठले आणि देवघरातून एक रुमाल घेऊन आले. रुमालाची गाठ सोडली. आत पेन ड्राइव्ह होता, व्यवस्थित, टोपणासकट. मला इतकं हायसं वाटलं की मी मटकन खाटेवर बसले.

“आणल्या आणल्या परत तिथंच ठेवला,” आप्पा म्हणाले.

“आणल्या आणल्या म्हणजे?” मी उठून उभी राहिले. “कुठून आणला?”

त्यांचा चेहरा खुलला. कित्येक दिवस पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला मिळाल्यासारखा.

“तुला सांगणारच हुतो. आमच्या टॉकीजचा गणपतराव न्हाई का, तिकिटं फाडायचा? तो आला हुता, आणि कँटीनवाला बाबालाल. म्हणले, पोरीनं केलंय काय ते तर बघू. आता आपल्याकडचा पडदा म्हणजे पाटीएवढा. त्याच्यावर काय दाखवायचं? स्टेशन रोडला तो नेट कॅफे हाय की, त्याच्याकडं भिंतीला मोठा पडदा हाय. त्याला म्हणलं, बाबा, तासभर लाव.”

“मग?”

“मग काय. लावला. त्याच्याकडचं एक पोरगं खेळत हुतं आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून बघत हुतो. शेवटापर्यंत बघितला. ती पोर एकदाची घरी पोचली तवा गणपतराव रडला. खरंच रडला गं. म्हणला, वसंता, पोरीनं तुझं नाव काढलं.” आप्पांचा आवाज जरा कापला. “आणि दारात आपल्या घरची रांगोळी. तू मला सांगितलंसुद्धा न्हाईस.”

मला रडू यायला लागलं होतं, पण भीतीपुढे ते बाहेर पडत नव्हतं.

“आप्पा, त्या कॅफेवाल्याने तो त्याच्या कॉम्प्युटरवर चढवला होता?”

“चढवल्याबिगर दिसंल व्हय? चढवला, बघितला आणि झाल्यावर काढून घेतला. मी डोळ्यात तेल घालून बसलो हुतो. त्यानं काढला तसा खिशात टाकला, आणि सरळ घरी.” त्यांनी पेन ड्राइव्ह तळहातावर घेतला. “पेटी आपल्या ताब्यात असली की झालं. मागं काय ऱ्हातंय?”

पेटी. त्या एका शब्दाने मला सगळं समजलं. आप्पांच्या काळी सिनेमा रिळांमध्ये यायचा आणि रिळं पत्र्याच्या पेटीत. एकाच पेटीवर मिरज-सांगलीच्या दोन टॉकीज चालायच्या. इकडे रीळ संपलं की लुनावर टाकून तिकडे पळवायचं. पेटी निघून गेली की टॉकीजमध्ये मागे उरायचा तो नुसता पांढरा पडदा. पेटी हरवली तर ऑपरेटरची नोकरी जायची, म्हणून आप्पा ती उशाशी घेऊन झोपायचे. आयुष्यभर त्यांनी एकही पेटी गमावली नव्हती. ही पेटी अशी आहे की ती आपण परत आणली तरी तिथेच राहते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मला तरी कुठे वाटलं होतं की ते सांगायला लागेल?

“काय झालं गं?” आप्पांनी विचारलं. “नको दाखवायला हुता का?”

ते माझ्याकडे बघत होते. सांगितलं तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. ते वाद घालणार नाहीत, स्वतःची बाजू मांडणार नाहीत. धुतलेला सदरा घालतील, पोलीस चौकीत जातील आणि म्हणतील, मी चोर आहे, मला आत घाला. आणि घरी परत आल्यावर कुणाशी बोलणार नाहीत.

“तसं नाही,” मी म्हणाले. “सहज विचारलं.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. उन्मेषचा होता. मी गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

“कुठे गेलीस तू?” तो ओरडतच बोलत होता. “कंपनीचा पुन्हा फोन आला होता. मी निनादचं नाव देतोय.”

“नको देऊस.”

“का?”

“ती रांगोळी निनादची नाही.”

“मग कुणाची आहे?”

खाली रस्त्यावर भंगारवाला हाळी देत चालला होता. तो वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

“माझी आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आत्ता कुठे आहेस?” उन्मेषने विचारलं. आता त्याचा आवाज एकदम शांत होता आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

“घरी.”

“तिथेच थांब. हलू नकोस. मी येतोय.”

आत आले तर आप्पांनी अर्धंमुर्धं ऐकलं होतं. “साहेब येतायत? आपल्याकडं?” ते लगबगीने उठले. पंखा पलंगाखाली सरकवला. कपाटातला इस्त्रीचा सदरा काढून घातला. आणि मला म्हणाले, “कांदे चिर. पोहे करू. पहिल्यांदा येतायत, कोरड्या तोंडानं पाठवायचं व्हय?”

मी कांदे चिरले. आयुष्यात इतके वाकडेतिकडे कांदे मी कधी चिरले नसतील. रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की मी विळी सोडून खिडकीतून खाली बघायचे. तो एकटा येईल की पोलिसांना घेऊन येईल? आप्पांसमोर बोलेल? आप्पांना बाहेर पाठवावं तर कोणत्या निमित्ताने? दही आणायला पाठवलं, तर ते म्हणाले, घरात आहे. कोथिंबीर म्हटलं, तर तीही होती. आमच्या घरात एरवी कधी काही वेळेवर मिळायचं नाही आणि त्या दिवशी सगळं होतं.

मोटरसायकल थांबली. जिन्यावर पावलं वाजली. एकट्याचीच.

उन्मेष दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि हेल्मेट त्याने हातात घट्ट आवळून धरलं होतं.

“रेवती, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“या, या साहेब,” आप्पा पुढे झाले. “आधी पाणी घ्या. उन्हातनं आलाय.”

“नको, मी...”

“घ्या हो. बोलायचं काय, जन्मभर हायच.”

उन्मेष बसला. दुसरं काही सुचलं नसावं म्हणून बसला. मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते. पोह्यांची बशी त्याच्या हातात देताना बशीतला चमचा वाजायला लागला, तर त्याने ती पटकन माझ्या हातून घेतली. आणि मी तोंड उघडायच्या आत आप्पांनीच सगळं सांगायला सुरुवात केली. गणपतराव, बाबालाल, पाटीएवढा पडदा, स्टेशन रोडचा कॅफे, शेवटी आलेलं रडू. मी त्यांच्या मागे उभी राहून उन्मेषकडे बघत होते. कॅफेचं नाव निघालं तसा त्याचा घास हातातच राहिला. त्याला कळलं होतं.

“तुमचा विश्वासाचा माल हाय, मला ठाऊक हाय साहेब,” आप्पा सांगत होते. “आमची टॉकीज ह्या चोरीनंच गेली. पडदा फाडून नेला भंगारात. मी बघत उभा हुतो. मला त्यातलं दुखणं ठाऊक हाय. म्हणून सांगतो, पेटी मी कुणाच्या हाताला लागू दिली न्हाई. गेली तशी परत आणली. हे बघा.”

त्यांनी रुमाल उन्मेषपुढे उलगडला. उन्मेष त्या पेन ड्राइव्हकडे बघत राहिला. मी देवाचा धावा करत होते, पण नेमकं काय मागावं तेच सुचत नव्हतं. त्याने एक वाक्य बोलायचा अवकाश होता.

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून बघितला. बंगळूर. तो वाजत राहिला.

“घ्या की,” आप्पा म्हणाले. “कामाचा असंल.”

“नंतर करतो,” उन्मेष म्हणाला. फोन वाजायचा थांबल्यावर त्याने रुमालाची टोकं पुन्हा आत घेतली आणि ती पुरचुंडी आप्पांच्या हातात दिली. “बरोबर केलंत, आप्पा. पेटी बरोबर परत आणलीत.”

मग त्याने बशीतले सगळे पोहे संपवले.

मी त्याला सोडायला खाली आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि एकाएकी भिंतीवर मूठ आपटली.

“रस्ताभर तुला काय काय बोलायचं ते ठरवत आलो होतो मी,” तो म्हणाला. “एक शब्द बोलता आला नाही.”

“मला बोल आता.”

“त्यांना काही माहीतच नाही?”

“नाही. मला सांगायचा धीर होत नाही.”

“सांगू नकोस.” त्याचा आवाज रागाने कापत होता, पण तो राग कुणावर काढायचा हे त्यालाही समजत नव्हतं. “तक्रार केली की पोलीस कॅफेत जाणार आणि कॅफेवाला पहिलं नाव ह्यांचं सांगणार. तक्रारीत लिहू काय मी? ह्यांनी पेटी परत आणली म्हणून?”

“आणि करार?”

“ते तसेही मागे सरणारच होते,” तो म्हणाला. “फुकट मिळणारी वस्तू कोण विकायला घेतंय?”

ते खरं होतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. मी त्याला पुन्हा विचारलं नाही आणि तोही बोलला नाही.

संध्याकाळी करार रद्द झाला. आम्ही आमच्या आमच्या बळावर गेम बाजारात आणला, पण ज्यांना तो खेळायचा होता त्यांचा खेळून झाला होता. जिथे तिथे लोक त्याची तारीफ करत होते आणि विकत कुणी घेत नव्हतं. दिवाळीच्या आत पाटी उतरवली. निनाद हैदराबादला गेला. आपल्यावर कोणता संशय होता हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. उन्मेष त्याच इमारतीत खाली हळदीचा धंदा बघायला लागला. मी लग्नपत्रिका आणि शाळेच्या पुस्तकांतली चित्रं काढायला लागले. आप्पांनी एकदा विचारलं, “तुझा गेम लागला हुता न्हवं?”

“लागला होता. पडला.”

“पडंना का,” ते म्हणाले. “लई चांगले चांगले पिक्चर पडलेत माझ्या डोळ्यांदेखत.”

मला वाटलं, सुटलो. त्यानंतर वर्षभर मला त्या गोष्टीची भीती वाटली नाही.

मग एके दिवशी आप्पा लाइटबिलाची झेरॉक्स काढायला गेले आणि बऱ्याच उशिरा परत आले. बिल त्यांच्या हातात तसंच होतं. घरात न येता ते उंबऱ्यावरच बसले. मी दाराशी गेले.

“काय झालं आप्पा? दुकान बंद होतं का?”

“त्या कॅफेत गेलो हुतो. तिथं झेरॉक्स काढून देतात आता.” ते समोर जिन्याकडे बघत होते. “एक पोरगा खेळत बसला हुता. मोठ्या पडद्यावर. रानातली वाट, हाका, सगळं तेच. मी म्हणलं, बघू तरी. हुबा ऱ्हायलो. शेवटाला घर आलं. दारात तुझ्या आईची कोयरी हुती.”

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. वर्षभर दूर राहिलेली भीती परत आली होती.

“मी मालकाला म्हणलं, हा तुमच्याकडं कुठनं आला? तो हसला. म्हणला, काका, तुम्हीच तर आणला हुता. तवापासनं हाय की. सगळी पोरं हितनंच घेऊन जातात.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बाजारात माणूस अंगावर धावून आला तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. आई गेली तेव्हाही होते. त्यांना घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि आता त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की माझी मला जाणवेना.

“रेवा,” ते म्हणाले, “पेटी मी परत आणली हुती न्हवं?”

“हो, आप्पा,” मी म्हणाले. “बरोबर परत आणली होतीत.”

त्यांनी मान हलवली. बिलाची घडी घातली, परत उलगडली, पुन्हा घातली. दिवेलागण झाली तरी ते उंबऱ्यावरून उठले नाहीत. मग जिन्यातला दिवा मीच जाऊन लावला.